राज्य कुणावर?

नोकरीची सगळी वर्षं मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये काढली. निवृत्तीनंतर पुण्याच्या एका उपनगरात राहायला आले, आणि आता संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या मुलांच्या आसपास असते. जुन्या खेळांचा विषय निघाला की मोठी माणसं दोनच गोष्टी बोलतात. एक, आमच्या वेळी काय मजा होती. दुसरी, मुलांना व्यायाम होतो. दोन्ही खरंच आहे. पण मुलांचे खेळ इतकी वर्षं पाहताना मला ज्याचं मोल सगळ्यांत जास्त वाटत आलं, ते तिसरंच काही आहे. लगोरी, विषामृत, डबा ऐसपैस, आट्यापाट्या, गोट्या हे खेळ मुलं स्वतः चालवतात. तिथे पंच नसतो, प्रशिक्षक नसतो, शिट्टी नसते. राज्य कुणावर, बाद कोण, रेघ कुठली, आजचा डाव किती वेळ, हा सगळा कारभार सहा ते बारा वर्षांच्या माणसांच्या हाती असतो. त्या कारभारात मूल कसं घडतं, याबद्दल माझ्या पदरी जे पडलं ते इथे मांडते.

१. चकण्यात गेलेला वेळ वाया जात नाही

शाळेत खेळाची तासिका असते अर्ध्या-पाऊण तासाची. त्यातली दहा मिनिटं मुलं चकण्यात आणि भिडू वाटून घेण्यात घालवतात. नवीन शिक्षकाला हे बघवत नाही. तो पुढे होतो आणि हजेरीच्या सम-विषम क्रमांकांवरून दोन गट पाडून मोकळा होतो. मी माझ्या सहकाऱ्यांना नेहमी सांगत आले, तेवढं करू नका.

चकणं नीट बघा. तिघं हात धरून झुलवतात आणि एकदम तळवे टाकतात, कुणी उलटा, कुणी सुलटा. जो एकटा वेगळा पडला तो सुटला. तिघांचे सारखे पडले तर पुन्हा. शेवटी दोघंच उरले की आधी सुटलेल्यांपैकी एक जण तिसरा म्हणून हात द्यायला येतो, कारण दोघांत 'वेगळा' कोण हे ठरवताच येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला हे कुणी शिकवलेलं नसतं, पण तिसरा का लागतो हे त्याला विचारलं तर तो बरोबर सांगतो. आणि अशा तऱ्हेने आलेलं राज्य तो फारशी कुरकुर न करता घेतो. हाच निकाल बाईंनी दिला असता तर 'बाई नेहमी मलाच देतात' हे वाक्य ठरलेलं.

भिडू पाडण्याची रीत तर मला फार थोर वाटते. दोन पुढारी ठरतात. बाकीची मुलं आपल्या जोडीचा, म्हणजे साधारण आपल्याइतकाच पळणारा गडी निवडतात. दोघं खांद्यावर हात टाकून लांब जातात आणि कानात नावं ठरवून येतात. एक चंद्र, एक सूर्य. एक आंबा, एक फणस. मग पुढाऱ्यासमोर उभं राहून विचारतात, तुला काय हवं? पुढारी सूर्य मागतो, आणि सूर्य कोण ते मागून कळतं. दोन्ही बाजू आपोआप तोलामोलाच्या होतात. त्याहून मोठी गोष्ट अशी, की 'हा मला नको' हे वाक्य कुणाला ऐकावंच लागत नाही. जिथे पुढारी नाव घेऊन एकेकाला निवडतात तिथे शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा मी पाहिला आहे. कुणा जुन्या पोरांनीही तो पाहिला असणार आणि त्यावर हा तोडगा काढला असणार.

२. कच्चं लिंबू हवंच

पाठीवर आलेलं चार वर्षांचं भावंड घेऊन मुली खेळायला येत. त्याला घरी ठेवायची सोय नाही आणि खेळात घेतलं तर डाव बिघडणार. म्हणून ते कच्चं लिंबू. कुठे लिंबूटिंबू म्हणतात. ते पळतं, लपतं, ओरडतं, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला वगळलेलं नसतं आणि त्याच्यामुळे कुणाचं अडतही नाही.

या एका सोयीवर आपल्या सगळ्या खेळांची परंपरा उभी आहे, असं मी म्हणेन. आट्यापाट्यांत पाटी कशी अडवायची, सूर पाटीवरचा गडी कुठल्या बाजूने झेपावतो, हे कुठल्या पुस्तकातून कुणी शिकलं नाही. मुलं चार वर्षं कच्चं लिंबू म्हणून मध्ये लुडबुडली आणि शिकली. शाळेत आपण मुलं वयाप्रमाणे वर्गात बसवतो, त्यामुळे सगळे एकाच वेळी नवशिके असतात. अंगणात मात्र पाच वर्षांच्या शेजारी अकरा वर्षांची उभी असते. लहानाला पुढचं दिसतं. मोठीला सांभाळून घेणं शिकायला मिळतं, आणि तेही तिच्या लक्षात न येता.

एक दिवस ते लिंबू मध्येच उभं राहून जाहीर करतं, 'मला पण राज्य पाहिजे.' हा क्षण मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिला. पहिलीतून दुसरीत जाण्यापेक्षा ती बढती त्यांना मोठी वाटते, कारण ती त्यांनी स्वतः मागून घेतलेली असते.

माझ्या एका शाळेत एका पायाने अधू मुलगा होता. लंगडीत तो काय करणार, या विचाराने मी मुलांशी बोलायचं ठरवलं होतं. त्याआधीच पोरांनी त्याच्यासाठी वेगळी रेघ आखली होती. त्याने तिथून पुढे नुसतं हात लांब करून बाद करायचं. काही दिवसांनी तो फार गडी बाद करतो म्हणून त्यांनी ती रेघ वीतभर मागे घेतली. त्याला दया दाखवलेली नव्हती, भिडू म्हणून मोजलेलं होतं.

३. भांडण मिटवायला धावू नये

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी न्यूशातेल आणि जिनिव्हातल्या पोरांबरोबर बसून गोट्यांचा अभ्यास केला. १९३२ साली मुलांच्या नैतिक विचारावर त्यांचा ग्रंथ निघाला, त्याची सुरुवातच गोट्यांच्या खेळापासून आहे. ते मुलांना विचारत, हे नियम कुणी केले? बदलता येतील का? लहान मुलं सांगत की नियम मोठ्यांकडून आलेत, बदलता येणार नाहीत. गंमत म्हणजे तीच मुलं खेळताना तो नियम सर्रास मोडत. दहा-बारा वर्षांची मुलं सांगत की सगळ्यांना मान्य असेल तर नियम बदलता येतो, आणि ती नियम कसोशीने पाळत. नियम आपला आहे हे कळलं की तो पाळावासा वाटतो.

डी.एड.ला असताना हे मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्याचा अर्थ कळला सांगली जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या शाळेच्या मागे. गावठाणातली पोरं आणि मळ्यातली पोरं, दोघांचे गोट्यांचे नियम वेगळे. एकांच्यात गल, म्हणजे गोट्यांचा खड्डा, चुकली की पुन्हा रेघेवरून टाकायची, दुसऱ्यांच्यात गोटी पडली तिथूनच पुढे खेळायचं. हरलेल्याने कोपराने गोटी ढकलत न्यायची हे दोघांना मान्य, पण ती रेघेपर्यंत की गलीपर्यंत यावर रोज कडाक्याचं भांडण. मी खिडकीतून ऐकायची. आवाज चढायचा, कुणीतरी 'रडीचा डाव' म्हणायचं, एखादा गोट्या खिशात कोंबून निघून जायचा. मग त्याच्यावाचून खेळ रंगत नाही म्हणून त्याला परत बोलावणं यायचं. आठवडाभरात त्यांनी तिसराच नियम काढला. एक दिवस गावठाणाचा, एक दिवस मळ्याचा. शनिवारी चकून ठरवायचं.

हे भांडण मी पहिल्या दिवशी मिटवलं असतं तर मला दोन मिनिटं लागली असती. पण मग नियम माझा झाला असता.

खेळात मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते, की समोरचा कधीही उठून जाऊ शकतो. वर्गातून उठता येत नाही, घरातून जाता येत नाही, खेळातून जाता येतं. म्हणून दांडगट पोरालाही शेवटी पडतं घ्यावं लागतं. तडजोड करायची ती चांगलं दिसावं म्हणून नव्हे, तर खेळ टिकावा म्हणून. एवढी खरी गरज आपण मूल्यशिक्षणाच्या तासाला कुठून आणणार?

तरी काही वेळा मोठ्यांनी उठलंच पाहिजे. हातात दगड आला, रक्त निघालं, एकाच मुलावर रोज ठरवून राज्य येऊ लागलं, किंवा कुणी कुणाची जात काढली, तर तिथे थांबून बघत राहायचं नाही. शेवटची गोष्ट मी गावातही ऐकली आणि शहरातही. त्या वेळी खेळ थांबवून बोलले आहे, आणि पालकांच्या घरी जाऊनही बोलले आहे.

४. थांबता येणं हे पळण्याइतकंच अवघड

विषामृतात ज्याच्यावर राज्य आहे त्याने शिवलं की तुम्ही 'विष', जागच्या जागी थिजायचं. आपल्यातल्या कुणी येऊन शिवलं की 'अमृत', पुन्हा मोकळे. सात वर्षांचं मूल वर्गात पाच मिनिटं स्थिर बसत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आईला मी एकदा हा खेळ बघायला थांबवून घेतलं. तिचा मुलगा एक पाय वर, हात हवेत अशा अवस्थेत कितीतरी वेळ उभा होता. त्याला कुणी दटावलं नव्हतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी नेमकं हेच मांडलं होतं, की मूल स्वतःला सर्वांत जास्त आवर घालतं ते खेळात. पळून जावंसं वाटत असताना उभं राहायचं, कारण उभं राहण्यातच खेळाची मजा आहे. लगोरीतही तेच. सात चपट्या दगडांची लगोरी फुटल्यावर चेंडू पाठीत बसण्याची भीती असते, आणि त्याच वेळी हात थरथरू न देता मोठा दगड खाली, लहान वर असं रचायचं असतं. घाबरलेल्या अवस्थेत नीटनेटकं काम करायचं. हा सराव मुलाला आणखी कुठे मिळतो, मी तरी पाहिलं नाही.

विषामृतातली आणखी एक गोष्ट मला नेहमी हलवते. मित्राला सोडवायला गेल्याबद्दल गुण नसतात. उलट आपणच पकडले जायची शक्यता असते. तरी मुलं जातात.

५. हातांना काम द्या, अक्षर त्यातून येतं

सागरगोटे आता बाजारात प्लास्टिकचे दिसतात. खरा सागरगोटा म्हणजे एका काटेरी वेलीची बी. राखाडी, टणक, गुळगुळीत. कोकणात समुद्राकाठी ही वेल वाढते, शेंगही काटेरीच. पाच सागरगोटे घ्यायचे, एक वर उडवायचा, तो खाली येईतो जमिनीवरचे उचलायचे आणि पडणारा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. चारची फोड किती तऱ्हांनी होते, हे पहिलीच्या गणितात आम्ही फळ्यावर काढायचो. सागरगोटे खेळणाऱ्या मुलींना ते शिकवावं लागत नसे.

नजर वर, बोटं खाली, आणि शेजारच्या खड्याला धक्का लागता कामा नये. काचापाणी, चिंचोक्यांचा ढीग न हलवता एकेक चिंचोका काढणं, भोवऱ्याला जाळी गुंडाळणं, गोटी मधल्या बोटाने ताणून मारणं, या सगळ्यांत बोटांची बारीक ताकद लागते. पेन्सिल धरायलाही तीच लागते. गेल्या काही वर्षांत शहरातल्या बालवर्गांत मला अशी मुलं भेटू लागली, ज्यांना मोबाइलवर बोट सराईतपणे फिरवता येतं पण सदऱ्याचं बटण लावता येत नाही. त्यांना रेघोट्यांची वही आणखी एक देण्याऐवजी मूठभर चिंचोके द्यावेत, हे मी अनुभवावरून सांगते.

विटीदांडूचा मोह आवरत नाही म्हणून थोडं त्याविषयी. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू अशी दांडूने मोजणी, आणि मोजणी जिथे थांबेल त्याप्रमाणे पुढची विटी कशी मारायची ते ठरणार. कधी पायावर ठेवून, कधी मुठीवर. यातल्या पहिल्या काही आकड्यांचं तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगुशी नातं उघड आहे. आमच्याकडे अंतर न मोजता अंदाजाने दांडू मागायची पद्धत होती. जास्त मागितले आणि समोरच्यांनी मोजून बघितले तर डाव गेला. त्यामुळे एरवी गणितात कच्ची समजली जाणारी पोरं शेताच्या बांधापर्यंतचं अंतर नजरेने इतकं अचूक सांगत, की मी थक्क व्हायची. विटी मात्र दोन्ही टोकांना अणकुचीदार असते. डोळ्यांना इजा झाल्याच्या घटना गावोगाव आहेत. म्हणून तो खेळ मोकळ्या माळावरच, बघे लांब बसवून.

६. सगळं जुनं सोनं नव्हतं

मुलींच्या वाट्याला अंगण फार थोडे दिवस आलं. नागपंचमी, मंगळागौर, भोंडला, म्हणजे सण असेल तर परवानगी. एरवी दुपारी सागरगोटे, तेही ओसरीवर बसून. मैदान मुलग्यांचं. मोठी झालीस, आता लंगडी घालू नकोस, हे वाक्य माझ्या पिढीतल्या बहुतेक बायकांनी ऐकलं आहे. काही वस्त्यांतल्या मुलांना काही आळ्यांत खेळायला बोलावणं नसे. गोट्यांवर पैसे लावले जात. हे सगळं आठवणींच्या गोडव्यात पुसून टाकलं तर आपण मुलांना अर्धंच सांगितलं असं होईल.

पण मंगळागौरीतल्या फुगडीला मी आजच्या कुठल्याही व्यायामवर्गाच्या वर ठेवीन, आणि मुलग्यांनाही शिकवीन. शिकवलीच आहे. हात तिढ्यात धरायचे, पाय जवळ, अंग पूर्ण मागे सोडायचं. एक जाड, एक बारीक असली तरी दोघी थोडं पुढे-मागे सरकून तोल बरोबर साधतात. समोरचीने हात सोडला तर आपण आपटणार, आपण सोडला तर ती. सुरुवातीला मुलगे अंग मागे टाकायला घाबरतात. भीती पडण्याची नसते, दुसऱ्याच्या भरवशावर राहण्याची असते.

७. नियमावली हवी, पण ती खेळाची एकच वाट नव्हे

खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढून देशी खेळांची केवढी मोठी नोंद करून ठेवली. अशा लोकांनी कष्ट घेतले म्हणून १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं आपले खेळ जगाला दाखवू शकली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आणि तो भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही जिंकला. गावच्या शाळेत मातीत खो देणाऱ्या मुलीला उद्या मॅटवर उभं राहता येईल, याचा मला मनापासून अभिमान आहे.

मात्र नऊ खेळाडूंच्या संघात निवड होते ती वेगवान मुलांची. बाकीच्या तीस जणांनी काय करायचं? त्यांच्यासाठी शाळेच्या मागचा खो-खो राहिला पाहिजे, जिथे खुंट म्हणजे दोन चपला असतात आणि एका बाजूला अकरा, एका बाजूला बारा गडी असले तरी चालतं. 'पारंपरिक खेळ दिन' साजरा करणाऱ्या शाळांमध्ये मी पाहुणी म्हणून जाते. फलक असतो, टोप्या असतात, प्रत्येक खेळाला सात मिनिटं आणि शेवटी प्रमाणपत्र. मुलं आनंदात असतात, मी त्याला नाव ठेवत नाही. पण पुढच्या दिवशी मधल्या सुट्टीत मैदानाला कुलूप असेल तर त्या दिवसाचा काय उपयोग, हे मी मुख्याध्यापकांना तिथेच विचारते.

८. साहित्य नव्हे, जागा मागा

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. शंख, शिंपले, बिया, दगड, पानं यांवर त्यांनी बालवाडी चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून कुरणशाळा काढली. म्हणजे साहित्याची अडचण आपल्याकडे कधीच नव्हती. विटेचा तुकडा रेघा मारायला पुरतो. फुटलेल्या फरशीचे तुकडे लगोरीला पुरतात. रिकामा डबा डबा ऐसपैसला.

अडचण जागेची आहे. आमच्याकडे जिना, वाहनतळ आणि शोभेची हिरवळ या तिन्ही ठिकाणी खेळायला मनाई होती. एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तीन तास हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, त्याहून मोठ्या मुलांना रोज सरासरी किमान एक तास दमछाक होईल असं खेळायला हवं. हे आकडे घेऊन मी सोसायटीच्या सभेत गेले. सभासदांना पटायला वेळ लागला. शेवटी ठरलं ते इतकंच: संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मागच्या फाटकाकडच्या पट्ट्यात गाड्या लावायच्या नाहीत. खेळ कोणता, हे मोठ्यांनी सांगायचं नाही. एखादी आजी किंवा आजोबा बाकावर बसतील, पण मुलांनी हाक मारल्याशिवाय उठणार नाहीत. बाटलीभर पाणी आणि मलमपट्टीची पेटी बाकाखाली.

पहिले काही दिवस मुलं नुसती उभी असत आणि मला विचारत, आता काय करायचं? मी सांगितलं नाही. तिसरीतल्या एकीने आजोळी पाहिलेला डबा ऐसपैस इतरांना समजावला, निम्मा चुकीचा, पण खेळ सुरू झाला. आता त्यांचे स्वतःचे नियम आहेत. लिफ्टमध्ये लपायचं नाही. दुसऱ्या मजल्याच्या वर जायचं नाही. ज्याचे आईबाबा गाडी घेऊन आले त्याने फाटक उघडून यायचं, तोवर त्याच्यावर धप्पा बसणार नाही. हिंदी बोलणारी, तमिळ बोलणारी मुलंही 'राज्य' आणि 'कच्चं लिंबू' सर्रास म्हणतात. गेल्या आठवड्यापासून वाद चालू आहे तो ऊन-सावलीच्या खेळातल्या सावलीचा: उभ्या मोटारीची सावली धरायची की नाही. मोटार मध्येच निघून गेली तर त्या सावलीतला गडी बाद होणार का, यावर दोन तट पडले आहेत. माझ्याकडे अजून कुणी विचारायला आलेलं नाही.